डोंगराखालचा महाराज

जैन यात्रेच्या बसबरोबर आचारी म्हणून फिरलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कढईच्या बुडाला काजळी धरते तसे ते धरतात. घासूनही निघत नाहीत!

माझं नाव गणपत. पण आमच्या परतवाड्यात आचाऱ्याला महाराज म्हणतात, आणि जैनांच्या मुनींनाही महाराजच. दरवेळी आमची यात्रा जाते त्या कर्नाटकातल्या गावी डोंगरावर एका दगडातला बाहुबली उभा आहे. लोक वर जातात, मी खाली चुलीपाशी. खालून देवाचं नुसतं डोकं दिसतं. तप करताना इतका वेळ उभा राहिला, की पायांवर वेली चढल्या म्हणतात. मरायच्या आधी ते पाय पाहायचेच, असं या खेपेला ठरवलं होतं.

०

चांदूर बाजारला कमलकाकूंसाठी बस थांबली. पाणी गाळायचं फडकं आणायला काकू घरात परत गेल्या. "पाचच मिनिटं, महाराज!" आमचे दोन चहा झाले. अकोल्यात काकूंना आठवलं, फडकं आलं, चष्मा राहिला!

ड्रायव्हर रशीदभाई म्हणाले, "काकू, पुढच्या खेपेले चांदूर बाजारच घेऊन या संग!"

०

यांचा नियम, दिवस बुडायच्या आत जेवायचं. वाटेत मी ताटं मांडून बसलो, तर यात्रेचे म्होरके पानाचंदभाऊ सगळ्यांना घेऊन सेल्फीत. "पाचच मिनिटं, महाराज!"

आले, तर दिवस बुडालेला. वर माझ्यावरच राग! "आवाज काहून नाही देला?"

"भाऊ, सूर्य का माह्या कढईत होता, झाकण ठेवाले?"

०

त्यात रशीदभाईंचे रोजे. यांचं ताट दिवस बुडायच्या आत, त्यांचं बुडाल्यावर. मी चूल विझवू कधी?

रशीदभाई हसले. "महाराज, माह्यापेक्षा तुमीच सूर्याकडे जास्त पायता!"

०

पानाचंदभाऊंनी धर्मशाळेत फोन केला, "आमचे महाराज बसनं येऊन राहिले." दिगंबर मुनी अंगावर सूत ठेवत नाहीत, अन् कधी गाडीत बसत नाहीत. मॅनेजर संतापून फाटकात उभे! मी उतरलो, खांद्यावर दुधीभोपळ्यांचं पोतं.

त्यांनी मला खालवर पाहिलं. "हे महाराज? आणि अंगावर कपडे?"

मी म्हटलं, "फोडणी उडते न भाऊ अंगावर!"

०

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक लवकर उरकला आणि अनवाणी डोंगर चढलो. बसत, उठत. पोचलो एकदाचा. खरंच, पायांवर वेली! हात जोडले, डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून हाक, "महाराज! ओ महाराज!"

मुनी आले समजून गर्दी बाजूला झाली, लोकांनी माना झुकवल्या. त्या वाटेनं आल्या कमलकाकू, कानाला मोबाइल.

"पानाचंदभाऊचा फोन हाये! खाली सारे ताटावर बसले, दिवस बुडाले आला, अन् वरनात मीठच नाही!"

"डबा चुलीमागं हाये. घ्या म्हणा टाकून."

"तुमी चला न! सारे तुमच्यासाठी थांबून हायेत!"

मी वेलींकडे पाहिलं.

"पाचच मिनिटं, काकू!"