मशीन नंबर बेचाळीस

बसा, चहा येतोय, तवर एक सांगतो. लोकांची अक्कल गहाण पडते म्हणतात. माझी तर मी स्वतःच फॉर्म भरून, सही करून, वर दोन प्रती काढून दिली. हसायचं असंल तर शेवटी हसा, मधी हसलात की माझं सांगायचं राहतं.

साल धरा दोन हजारच्या जरा पुढं-मागं. मी कारेगावात खोली घेऊन राहायचो आन् तिथल्याच एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होतो. फिटर म्हंजी कंत्राटी फिटर, तिसरं वर्ष चाललेलं. त्या काळी आमच्याकडं माणसं दोनच प्रकारची होती, परमनंट आन् बाकीची. मुलीचा बाप पोराचं नाव विचारायच्या आधी विचारायचा, परमनंट हाय का? न्हाई म्हणलं की बशीतला चहा संपवून उठायचा. माझे तीन बाप असे उठले होते. म्हंजी मुलींचे.

गावी खुटबावला गेलो की आई पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायची, "सोपान, लेटर आलं का रं?" लेटर म्हंजी परमनंटचं. दुसऱ्या कुठल्या लेटराशी तिला देणंघेणं न्हाई.

ते लेटर ज्यांच्या हातात, ते आमचे कदम साहेब, मेंटेनन्सचे मॅनेजर. बोलायला कमी आन् सही करायला त्याहून कमी. पण त्या वर्षी त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, की औंदा आपल्याला आयएसओचं सर्टिफिकेट घ्यायचंय, ऑडिट नीट पार पडलं तर तुझं नाव वर पाठवतो. माझं सगळं गाडं त्या एका वाक्यावर उभं होतं, हे ध्यानात ठेवा.

आता माझ्या डोक्यातला किडा सांगतो. मला रिमोटच्या जुन्या गाड्यांचा नाद. यात्रेत मिळतात तसल्या नव्हं. ह्या गाड्या खोक्यातून सुट्ट्या भागांत यायच्या, शंभर-दीडशे भाग, आन् आपण स्क्रू-स्क्रू करून जोडायच्या. खऱ्या मोटारीसारखं सगळं आत, स्प्रिंग, अॅक्सल, गिअर. आमचे आजोबा जन्मभर मेंढरांमागं हिंडले, वडलांनी एका जागी थांबून ऊस लावला, आन् मी वीतभर गाडीमागं पळायला लागलो. म्हंजी आजोबांच्या वळणावर गेलो म्हणा.

माझ्याकडं तशा तीन होत्या, त्यातल्या दोन पोत्यात, सुट्ट्या. तिसरी मात्र हिरा. दौंडला स्टेशनमागं एक भंगारवाला होता. रेल्वेतले जुने साहेबलोक घरदार आवरून परदेशी गेले की त्यांचं सामान त्याच्याकडं यायचं. तिथं पंख्याच्या पात्यांखाली मला ती दिसली. एकोणीसशे एकोणऐंशीची जपानी बग्गी, पांढरी बॉडी, जाडजूड मागची चाकं, आत हेल्मेटवाला बाहुला, त्याचा एक हात गायब. पण रंग मूळचा, स्टिकर मूळचे, रिमोटची पेटी सुद्धा शाबूत. ह्या नादातल्या माणसाला विचारा, अशा गाडीला कुणी नव्या रंगाचं बोट लावलं तर तो जेवायचा न्हाई. मला त्या दिवशी दौंड ते कारेगाव सगळी एसटी माझ्याकडं बघतीय असं वाटत होतं.

गाडीत एकच खोट. आतल्या एका गिअरचे तीन दात उडालेले. रिमोट दाबला की मोटर नुसती भुणभुण करायची, चाकं ढिम्म. आन् तो गिअर जगात कुणी वीस वर्षांत बनवलेला न्हाई.

जगात न्हाई, पण आमच्या टूलरूममध्ये वाबळे मामा होते. मामांना सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून दिलं तरी दुपारपर्यंत गिअर हातात ठेवायचे. मी गेलो. मामांनी तुटका गिअर चष्म्याजवळ नेला, फिरवला आन् परत दिला. म्हणाले, "करतो की. पर आता आयएसओ आलंय बाबा. जॉबकार्ड पायजे. जॉबकार्डाला ड्रॉइंग पायजे. आन् ड्रॉइंगवर मशीन नंबर पायजे. मशीन नंबर आण, गिअर घेऊन जा."

कंपनीत मशिनी होत्या एकेचाळीस. आता तुम्ही मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? तुम्ही कदाचित घरी गेला असता. मी ड्रॉइंग काढलं, दात दोनदा मोजले, आन् खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, मशीन नंबर बेचाळीस. नावाच्या रकान्यात लिहिलं, चारचाकी ट्रॉली, जपानी.

तिसऱ्या दिवशी मामांनी पितळी गिअर दिला. काय सांगू, सोन्याची नथ त्याच्यापुढं फिकी. खोलीवर आणून बसवला, बॅटऱ्या घातल्या, रिमोट दाबला, आन् वीस वर्षं झोपलेली बग्गी जी सुटली ती थेट घरमालकिणीच्या वाळवणातून पलीकडं गेली. मालकीण आठवडाभर माझ्याशी बोलली न्हाई. मला त्या आठवड्यात कुणाच्या बोलण्याची गरज पण वाटली न्हाई, इतका मी खूश होतो.

इथंच थांबलं असतं तर तुम्हाला नुसता चहाच मिळाला असता. पण कागदाला एकदा पाय फुटले की तो थांबत न्हाई.

पंधरा दिवसांनी प्लॅनिंगच्या ऑफिसातून चिठ्ठी आली. मशीन नंबर बेचाळीसचं हिस्टरी कार्ड सापडत न्हाई, ताबडतोब सादर करावे. मी घाबरलो. चूक झाली, असली मशीन न्हाई, असं सांगावं तर टूलरूमचा घरगुती जॉब उघडा पडतो, मामा अडकतात आन् माझं लेटर जातं. त्यापेक्षा कार्ड भरणं सोपं. भरलं. बनावट जपान, साल एकोणऐंशी, बिघाड गिअर, उपाय गिअर बदलला. जागेच्या रकान्यात काय लिहावं सुचंना, मग लिहिलं, हलती.

कार्ड आलं म्हणल्यावर दर महिन्याच्या देखभालीचा तक्ता आला. तो पण भरायला लागलो. पुसली, तेल दिलं, स्क्रू आवळले, गिअर तपासला. आन् ह्यात एक अक्षर खोटं न्हाई बरं का. गुरुवारची सुट्टी आली की मी खोलीवर हे सगळं करायचोच. बाकीच्या एकेचाळीस मशिनींचे तक्ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकाच पेनानं एका बैठकीत भरले जायचे, हे तुमच्यात ठेवा. मग विचारणा झाली, ह्या मशीनचा ऑपरेटर कोण? मी. त्याला ट्रेनिंग दिलंय का? दिलंय. कुणी? मीच. ट्रेनिंग घेणाऱ्याची सही आन् देणाऱ्याची सही, दोन्ही माझ्या. जरा फरक दिसावा म्हणून एक तिरकी केली.

ऑडिटचा दिवस उजाडला. बाहेरून एक ऑडिटर आले. बारीक, शांत माणूस, आवाज न करता पानं उलटणारा. कदम साहेब शेजारी, मी फाइली धरून मागं. ऑडिटरांनी मशिनींची यादी घेतली, बोट वरून खाली आणलं, आन् अगदी तळाला टेकवलं. म्हणाले, ही दाखवा.

कदम साहेबांनी यादीत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. सगळ्या यादीवर त्यांची सही होती आन् बेचाळीस नंबर त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

मी म्हणलं, "हलती हाय साहेब."

साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. मी दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं, गिअरपासून तिरक्या सहीपर्यंत. साहेब चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "घेऊन ये."

सायकल मारत खोलीवर गेलो, बग्गी पिशवीत घातली, परत आलो. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. पर्सनल वस्तू आत न्यायला बंदी. त्यानं विचारलं, पर्सनल का कंपनीचं? घाईत होतो, म्हणलं, कंपनीचं. त्यानं रजिस्टरात नोंद केली, मशीन एक नग, आन् मी खाली सही ठोकली. माझा हात त्या दिवसांत सहीला लई सैल झाला होता.

ऑडिटरांच्या टेबलावर बग्गी ठेवली. वाबळे मामा टूलरूमच्या दारातून एक डोळा काढून बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस फाइल मिटणार, कंपनीचं सर्टिफिकेट जाणार, साहेबांची मान खाली जाणार आन् मी संध्याकाळी वळकटी घेऊन खुटबावच्या वाटंला लागणार.

पण ऑडिटरांनी फाइल मिटली न्हाई, उघडली. तक्त्यात लिहिलंय पुसली, म्हणून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. तेल दिलं लिहिलंय, चाक फिरवून बघितलं, चाक गरगर. गिअरचं ड्रॉइंग मागवलं, मापाचा व्हर्नियर लावला, दात मोजले. सगळं तंतोतंत. मग म्हणाले, चालवून दाखवा. मी खाली पिवळ्या पट्ट्यांमध्ये बग्गी सोडली, लेथला वळसा घालून आणली. त्यांनी रिमोट मागून घेतला. ऑडिटला लागणारे दोन वळसे मी समजू शकतो. त्यांनी पाच मारले.

मग रिमोट खाली ठेवून, चेहऱ्यावरची रेघ न हलवता त्यांनी मला विचारलं, "ही वस्तू तुमची आहे की कंपनीची?"

आता बघा माझी गत. माझी म्हणलं, तर कंपनीच्या टूलरूमात घरचं काम, खोटी कार्डं, साहेबांच्या सह्या, सगळेच खड्ड्यात. कंपनीची म्हणलं, तर कागद सगळे खरे, नोकरी शाबूत, लेटर शाबूत, पण बग्गी गेली. तो हेल्मेटवाला एकहाती बाहुला माझ्याकडंच बघत होता. मला खरंच रडू येत होतं. तिसाव्या वर्षी, भर वर्कशॉपमध्ये, खेळण्यापायी. पण आई डोळ्यांपुढं आली, ते चहा संपवून उठणारे तीन बाप डोळ्यांपुढं आले.

मी म्हणलं, "कंपनीची हाय साहेब."

कदम साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा श्वास सोडला.

रिपोर्ट आला. कंपनी पास. सगळ्यांत चोख देखभाल मशीन नंबर बेचाळीसची, असं लिहिलेलं. त्रुटी फक्त एक, मशीनवर नंबर टाकलेला न्हाई. कदम साहेबांनी मला पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आन् ब्रश दिला, आन् जपानी बॉडीवर, त्या मूळच्या पांढऱ्या रंगावर, मी माझ्या हातानं बेचाळीस आकडा काढला. एक ओघळ पण आला. पुसायला गेलो तर स्टिकर निघाला.

नंतर एकदा हिय्या करून गेटवर विचारलं, बग्गी घरी न्यायची झाली तर? सिक्युरिटीवाल्यानं रजिस्टर उघडून माझीच सही माझ्यापुढं धरली. म्हणाला, कंपनीची मशीन बाहेर काढायला गेटपास लागतो, मॅनेजरच्या सहीचा. कदम साहेबांच्या सहीचं तर तुम्हाला सांगितलंच हाय.

असू दे, म्हणलं. बग्गी गेली, पण लेटर तर येईल. एप्रिलात परमनंटची यादी लागली. वरून वाचली, खालून वाचली, माझं नाव न्हाई. साहेबांकडं गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "सोपान, तुझं नाव पाठवायला पेन उचललं होतं मी. पण तू कागदावर काय काय उभं करू शकतोस ते बघितलंय ना. अजून एक वर्ष बघू."

बाहेर आलो तर बोर्डावर शेजारीच मशिनींची नवीन यादी लावलेली. ह्या यादीत ट्रायलवरच्या मशिनींना तात्पुरती लिहायचे, कंपनीच्या मालकीच्यांना कायम. शेवटची ओळ मी चारदा वाचली. मशीन नंबर बेचाळीस, कायम. जबाबदार माणूस सोपान, कंत्राटी.

त्या गुरुवारी खुटबावला गेलो. आईनं दारातच विचारलं, "झालं का रं परमनंट?"

माझ्याच्यानं न्हाई म्हणवंना. मी म्हणलं, झालं. कोण झालं ते ती विचारायच्या आत पदर खोचून दुकानाकडं निघाली पण. तासाभरात आख्ख्या खुटबावानं माझ्या गाडीच्या नोकरीचे पेढे खाल्ले. दोन मी बी खाल्ले.