शीटवरची चौथी ओळ

आधीच सांगतो, लिंबू-मिरची, पितर, नजर वगैरे सल्ले कमेंटमध्ये टाकू नका. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे. या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे, ते तुमचे किस्से वाचून हसायला. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आणि माझ्या किश्श्यात तर कोणी मेलेलंसुद्धा नाही. तरी लिहितोय, कारण आता पोटात ठेवणं जमत नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात लाइन इन्स्पेक्टर आहे. कुठला ते विचारू नका. नितीन माझा आयटीआयपासूनचा मित्र, त्याच लाइनवर पॉवर प्रेस, म्हणजे दाबून पत्रा कापायचं मशीन, चालवायचा. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं पाथर्डी फाट्याला वैशाली मॅडमकडे जमतो. मॅडम शाळेत शिकवतात आणि आम्हाला रोल-प्लेइंग गेम खेळवतात. म्हणजे टेबलाभोवती बसायचं, मॅडम गोष्ट सांगणार आणि आम्ही त्यातली पात्रं. नवं पात्र तयार करायला लागतं काय, तर एक छापील शीट, शिसपेन्सिल, खोडरबर आणि फासे. ताकद किती, अक्कल किती, हे फासे ठरवतात. खाली एक चौकट असते, तिच्यात पात्राजवळचं सामान लिहायचं. चाळिशीतली माणसं काय पोरखेळ करतात म्हणून बायको हसते. हसू दे.

आमच्या टेबलावर एक नियम आहे, नितीननेच कारखान्यातून आणलेला. आपल्या शीटवर आपण लिहायचं नाही, डावीकडे बसलेल्याने लिहायचं. मोजणारा एक, लिहिणारा दुसरा, म्हणजे कोणी आकडा फुगवत नाही. माझ्या डावीकडे कायम नितीन. त्याचं अक्षर इतकं सुरेख, की मॅडम म्हणायच्या, फळ्यावर लिहायला शाळेत या.

चार महिन्यांपूर्वी प्रेसमध्ये त्याचा उजवा हात सापडला. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

आता जे कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढे जाळी असते, तिला आम्ही गार्ड म्हणतो. गार्डमुळे माल हळू निघतो म्हणून सुपरवायझरने ते आदल्या दिवशी काढायला लावलं होतं. शिफ्ट सुरू होताना मशीन चालवणाऱ्याने चेकलिस्ट भरायची असते, खाली इन्स्पेक्टरची, म्हणजे माझी सही. आमच्याकडे सगळे मशीनकडे न बघताच 'आहे, आहे' लिहून मोकळे होतात. नितीन एकटाच बघून लिहायचा. त्या सकाळी त्याने लिहिलं होतं : तेल — आहे. लाइट — आहे. गार्ड — नाही. 'नाही'खाली दोन रेघा. मी स्वतः पाहिलं. सुपरवायझर म्हणाला, आता चालव, संध्याकाळी बसवू. अकरा वाजता हात गेला.

तिसऱ्या दिवशी त्या हरामखोराने माझ्यासमोर नवी चेकलिस्ट ठेवली. गार्ड — आहे. जुना कागद त्याने माझ्या डोळ्यांदेखत फाडला... आणि मी नव्यावर सही केली. नितीनला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही, सकाळचा चहासुद्धा नाही. त्यामुळे चौकशीत जवळजवळ ठरलंच होतं, की गार्ड यानेच काढलं, निष्काळजी माणूस आहे, कामावरून कमी करा. आणि हा बावळट मलाच म्हणायचा, माझंच चुकलं असणार. ते ऐकून मला त्याचाच राग यायचा. स्वतःचा येण्यापेक्षा ते सोपं होतं.

मागच्या महिन्यात मॅडमनी नवी गोष्ट काढली, सगळ्यांनी नवी पात्रं करायची. अपघातानंतर नितीन पहिल्यांदाच आला आणि आपल्या जागेवर बसला. शीट मीच तासाभरापूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स करून आणलेली, कोरी. मी फासे टाकले, त्याने डाव्या हाताने आकडे लिहिले. पहिलीतल्या पोरासारखे वाकडेतिकडे. मग मी सामान सांगितलं : दोर, कंदील, चाकू. तीन वस्तू. कारखान्याच्या सवयीने तो प्रत्येकीपुढे 'आहे' लिहीत होता. घामाघूम झाला बिचारा. मी शीट घडी घालून खिशात ठेवली.

दुपारी घरी जेवण झाल्यावर पात्राचं नाव ठरवायला शीट उघडली. दोर — आहे. कंदील — आहे. चाकू — आहे. सगळं वाकडं. आणि खाली चौथी ओळ, सुरेख, सरळ, उजव्या हाताची... गार्ड — नाही. 'नाही'खाली दोन रेघा.

मला असा संताप आला की मी तो कागद चुरगाळला. कोणी थट्टा केली? पण तो फाडलेला कागद सुपरवायझर, मी आणि नितीन सोडून कोणी बघितला नव्हता, आणि नितीनला आठवत नव्हता. मीच लिहिलं असेल म्हणून पेन्सिल घेऊन बसलो. पानंच्या पानं भरली. तसं एक अक्षर जमलं नाही.

तसाच गाडी काढून श्रमिकनगरला नितीनच्या घरी गेलो. कागद सरळ करून त्याच्या पुढ्यात ठेवला. "अक्षर माझंच आहे," तो म्हणाला, "पण हे मी लिहिलं कधी?"

मग मी सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "तू सही केलीस?"

"केली."

"आणि तीन महिने मला डबा घेऊन येत होतास."

दुसऱ्या दिवशी मी चौकशी अधिकाऱ्याला खरं काय ते लेखी दिलं. नितीनला कमी करायचं तूर्त थांबलंय, चौकशी पुन्हा उघडली. मला स्टोअरला बसवलंय, सुपरवायझर दिसला की थुंकतो. थुंकू दे. मॅडम म्हणतात, मनावरच्या ओझ्याने माणूस भलतंसलतं करतो, तूच लिहिलं असशील. बरं, मग अक्षर कुठून आणलं? शीट अजून माझ्या कपाटात आहे, पेन्सिल जराही पुसट झालेली नाही.

नितीन रविवारी येतो, खेळतो, हसतोसुद्धा. फक्त आता तो माझ्या डावीकडे बसत नाही.