दोन काळे ठिपके

किडेताईला खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. सत्तावीस वर्षं तिनं कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत किडे टाचणीला टोचले, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. निवृत्त झाली आणि लोक फोनवर फोटो धाडू लागले, ‘हे काय आहे? चावतं का?’ फोटो म्हणजे आनंदच असायचा. अर्ध्या चौकटीत अंगठा, किडा आधीच चपलेखाली चेचलेला. एका बाईनं नहाणीघरातला भयंकर प्राणी म्हणून स्वतःचीच खोटी पापणी पाठवली होती. ताई हसायची, पण उत्तर सगळ्यांना द्यायची.

त्या दिवशी सकाळी फोटो आला तो धाकट्या भावाचा. आठ महिन्यांनी. आईला कुणी ठेवून घ्यायचं यावरून दोघांत कडाक्याचं भांडण झालं होतं. आई त्याच्याकडे राहिली, आणि ताईनं त्याच्या घरी पाऊल टाकणं सोडलं.

फोटोत चादरीवर पाचसहा पांढऱ्या अळ्या होत्या. खाली लिहिलं होतं, ‘ताई, कसले किडे? दोन डोळे पण आहेत बघ.’

ताईनं फोटो मोठा केला. ते डोळे नव्हतेच. अळीच्या मागच्या टोकाला श्वास घ्यायची छिद्रं असतात, ते दोन काळे ठिपके. मांसावर बसणाऱ्या माशीची अळी. तिनं फोन लावला.

“कुठे सापडल्या?”

“आईच्या गादीवर. धान्यातल्या असतील. कुठलं औषध मारू?”

“काही मारू नकोस. आईला कुशीवर वळव आणि पाठ बघ.”

“ती हात लावू देत नाही गं. मध्ये पडली, तेव्हापासून अंथरुणातच आहे. बाई अंग पुसायला यायची, तीही दीड महिन्यापूर्वी सोडून गेली. मी कपडे बदलतो म्हटलं, तर रडायला लागते. मुलासमोर कशी, म्हणते.”

“तिला दुखतंय का?”

“विचारलं की म्हणते, मला काही झालेलं नाही.”

“अॅम्ब्युलन्स बोलाव. आत्ता. मी निघालेच.”

बसला दोन तास लागले. ती पोचली तेव्हा अॅम्ब्युलन्स अजून यायचीच होती. खोलीची खिडकी बंद होती आणि उदबत्तीनंही वास लपत नव्हता. भाऊ दारात उभा, दाढी वाढलेली, हातात धुतलेली चादर.

आईनं तिला ओळखलं. “आलीस? त्याला बाहेर जायला सांग.”

ताईनं दार लावलं आणि आईला कुशीवर घेतलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. आत अळ्या वळवळत होत्या.

“फार घाण झालीय का गं?” आईनं विचारलं.

“नाही. थोडीशीच.”

दवाखान्यात जखम साफ केली, पण विष रक्तात भिनलं होतं. अकराव्या दिवशी आई गेली.

सगळं आटोपल्यावर भाऊ पायरीवर बसून राहिला. “तुला एका फोटोवरून कळलं. मी घरात होतो, ताई.”

त्याला दोष द्यायला तिच्या तोंडाशी बरंच आलं होतं. पण ती एकदा जरी त्या घराची पायरी चढली असती, तर आईनं तिला पाठ पुसू दिली असती, हे तिलाही ठाऊक होतं.

“मी यायला हवं होतं,” ती म्हणाली.

महिनाभर तिनं एकही फोटो उघडला नाही. मग एका अनोळखी बाईचा उघडला. पिठाच्या डब्यातली अळी, तपकिरी डोक्याची, पाय असलेली, अगदी निरुपद्रवी. एका नजरेत कळत होतं. ताईनं लिहिलं, ‘पिठातली आहे, घाबरू नका.’ तरी तिच्यानं राहवलं नाही. खाली विचारलं, ‘घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे का? त्यांची पाठ बघता ना?’

बाईला राग आला. भलत्या चौकशा कशाला, असं लिहून तिनं ताईचा नंबर ब्लॉकच करून टाकला.

ताई अजूनही प्रत्येकाला विचारते.