घालत्या शर्टाची बटणं

आमच्या घरात जुन्या बटणांचा एक डबा आहे. शाळेत मी ज्यातून चपातीभाजी न्यायचे, तोच तो ॲल्युमिनियमचा डबा. शर्ट विरला की त्याचं फडकं करण्याआधी आई ब्लेडने बटणं कापून घेते, दोऱ्यात ओवते, गाठ मारते आणि डब्यात टाकते. आमच्या गिरीज गावातल्या निम्म्या आळीच्या गणवेशांना तिथूनच बटणं जातात. मी लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी नवऱ्याच्या शर्टांची बटणं आईकडे पोचवत असते. नवरा हसतो. हसू दे.

आईचा नियम एकच. घालत्या कपड्याचं बटण कापायचं नाही. कापलं म्हणजे तो कपडा संपला. आजोबा गेले तेव्हा तेराव्यानंतर तिने त्यांच्या सदऱ्यांची बटणं कापली. मी लहान होते, दारात उभी राहून बघत होते. आजोबा आता येणार नाहीत, हे मला त्या दिवशी खरं कळलं.

गेल्या वर्षी बाबा केळीला पाणी सोडता सोडता बागेतच पडले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, बहात्तर तास गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही. आयसीयूत फक्त सकाळ-संध्याकाळ सोडायचे, तेही एकालाच. बाकीचा वेळ आम्ही दोघी घरी फोनकडे बघत बसायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई आत गेली आणि मी बाहेर बाकावर बसले. अर्ध्या तासाने ती आली. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"चल, रिक्षा बघ," एवढंच ती म्हणाली.

वाटेत तिने शिलाईच्या सामानाच्या दुकानाशी रिक्षा थांबवायला लावली. दोरा संपलाय म्हणाली. मला असा संताप आला! बाबा तिथे नळ्यांमध्ये पडलेत आणि हिला दोरा आठवतोय. मी रिक्षातून उतरलेसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर आई जमिनीवर बसलेली, मांडीवर बाबांचा निळा शर्ट, शेजारी इस्त्रीच्या शर्टांचा गठ्ठा आणि पुढ्यात तो डबा उघडा. तिच्या हातात ब्लेड होतं. तीन बटणं कापून झाली होती, ती चौथ्याचा दोरा कापत होती.

आत डॉक्टरांनी हिला सांगितलंय, हे मला लख्ख दिसलं. बाबा गेले, किंवा आज-उद्या जाणार, आणि ही एकटीच ते गिळून बसली आहे. विचारलं तर ती सांगेल, याचीच भीती. मी ओल्या केसांनी भिंतीला धरून उभी राहिले. तिने दुसरा शर्ट ओढला. हा गणपतीत घेतलेला, अजून दोनदासुद्धा न घातलेला. तेव्हा मात्र मी किंचाळले.

"आई, ते जिवंत आहेत अजून!"

तिने वर बघितलं. "कोन म्हनलं नाहीत?"

"मग हे काय चालवलंयस?"

तिने पिशवीतून एक पांढरी गुंडाळी काढली. चपलांना असते ती, उघडताना चर्र वाजणारी पट्टी. "डॉक्टर म्हनला, वाचतील. पन उजवा हात काय लवकर चालनार नाय. बटन लावता येनार नाय त्यांना. नर्स म्हनली, ही पट्टी लावा, डाव्या हाताने जमतं."

"मग मला सांगायचं ना!"

"तू तिथंच रडली असतीस. आनि मला घरी येऊन काम करायचं होतं."

मी खाली बसले आणि ती म्हणाली तशीच रडले. बाबा वाचणार होते. तिने सगळ्या शर्टांना पट्ट्या लावल्या, टाके वाकडेतिकडे पडले तरी, आणि बटणं माळा करून डब्यात टाकली.

दहा दिवसांनी बाबा घरी आले. शब्द अडखळत होते, पण कळत सगळं होतं. दुसऱ्या सकाळी मी त्यांचं अंग पुसलं आणि आईने शर्टांचा गठ्ठा पलंगावर ठेवला, यातला कोणता घालू म्हणून. बाबांचा डावा हात निळ्या शर्टाच्या गळ्याशी गेला, पुढे हळूहळू खाली आला. बटण नाही. दुसरा शर्ट. तिसरा. गणपतीतला. त्यांचा हात थांबला. त्यांनी आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. भिंतीला धरून मी उभी होते ना, तशी.

"कधी... कापली?" ते म्हणाले. "मी... तिथं... असताना?"

आई घाईघाईने पट्टी उघडून दाखवू लागली, "अहो, हे बघा, किती सोपं आहे." चर्र आवाज झाला तसं बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. शर्ट घातला नाही. बनियनवरच राहिले, जेवले नाहीत.

मला आईचा राग यायला हवा होता, पण आला नाही. बाबांनाही तसंच वाटेल, हे तिच्या लक्षात कसं आलं नाही, एवढंच मनात आलं. मग आठवलं, माझ्या तरी कुठे आलं होतं?

दुपारी आईने डबा काढला आणि पलंगावर बाबांच्या पायाशी बसली. निळ्या शर्टाची माळ शोधून गाठ सोडली. एकेक बटण ती पट्टीच्या वर, दर्शनी बाजूला ठेवून बघू लागली. ती काजात जाणार नव्हती, नुसती दिसणार होती. बाबांनी मान वळवली आणि बघत राहिले.

ती सुई-दोरा घेऊन बराच वेळ खटपट करत होती. शेवटी तिने सुई माझ्यापुढे धरली.

"ओवून दे गं," ती म्हणाली. "माझा हात कापतोय. ते पडले तेव्हापासून कापतोय."