पॅसेजमधल्या दहा फेऱ्या

माळा आवरताना सासऱ्यांचे कॅनव्हासचे बूट सापडले आणि गोडदेवच्या जुन्या बिल्डिंगमधली ती संध्याकाळ आठवली. शुगर वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, पण आमच्या रस्त्याला फुटपाथच नव्हता. त्या दिवशी ते घरात दिसेनात. मी घाबरून शोधत पाचव्या मजल्यावर पोचले, तर बाबा पॅसेजमध्ये झपाझप चालतायत! तिथल्या शेजारीण मीनाबेन दारातून म्हणत होत्या, "काका, आज लेट हो गए!"

"बाबा, इथे काय करताय?"

"रस्ता गाड्यांचा गो. मजल्यागणिक दहा फेऱ्या, मग जिना. गेल्या रिपोर्टात शुगर उतरली ती उगाच? चल, दोन मजले राहिलेत."

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, बिल्डर चालायला जागा ठेवायची विसरला, ती बाबांनी शोधून काढली. सातव्या मजल्यावर धाप लागली होती ती मला.