विलायती गाडीला भरवलेला पुरणाचा घास

आमच्या दादाच्या विलायती स्पोर्ट्स कारचं इंजिन पुरणानं बिघडलं. ते पुरण मी भरवलं होतं.

एवढं साधं निदान. पण ते मिळावं म्हणून दादानं दारव्ह्यापासून नागपुरापर्यंत जेवढे मिस्त्री आहेत तेवढे पालथे घातले, आणि प्रत्येक ठिकाणी सोबत मला नेलं. (का, तर म्हणे मी निदानाचा माणूस!)

मी जन्मभर गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली. डॉक्टर नव्हतो, पण डॉक्टर महिन्यातून जेवढे दिवस यायचे ते पाहता पंचक्रोशीतल्या बैलांनी मलाच डॉक्टर मानलं होतं. रवंथ थांबला, पोट फुगलं, जुवाखाली खांदा सुजला, की माणसं म्हणायची, शंकरभाऊला बोलवा. बैलाला औषध पाजणं हे येरागबाळ्याचं काम नाही. तो घास तोंडात धरतो आणि तुमची पाठ वळली की थुंकतो. म्हणून घास जिभेच्या मुळापर्यंत अंगठ्यानं सारायचा आणि बोट क्षणभर तिथंच ठेवायचं. ही विद्या मला अवगत होती. पुढचा सगळा सत्यानाश याच विद्येनं केला.

दादा माझ्याहून मोठा. दारव्ह्याजवळ आमचं गाव, एकाच अंगणात दोघांची घरं. ट्रॅक्टर आल्यावर त्यानं बैलजोडी विकली आणि रिकाम्या गोठ्यात ही गाडी आणून उभी केली. यवतमाळच्या एका जिनिंगवाल्याच्या वारसांनी ती अडगळ म्हणून काढली होती. लाल रंग, दोन दारं, दोनच माणसांची जागा, छत नाही. जमिनीला इतकी टेकलेली की दादाला आत बसवायला एक माणूस आणि बाहेर काढायला दोन लागायचे. पण ती सुरू झाली की वाड्या-वस्तीवरची कुत्री गप्प बसत. दादा तिला नुसती 'लाल' म्हणायचा. त्याच्या जुन्या बैलाचंही तेच नाव होतं, हे लक्षात ठेवा.

पोळा आला. वहिनींना प्रश्न पडला, नैवेद्य दाखवायचा कोणाला? गोठ्यात बैल नाहीत आणि ताट परत न्यायचं नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, की गोठ्यात जो उभा आहे त्याची पूजा. ट्रॅक्टर ओळीत उभे राहतातच आता पोळ्यात, मग हिनं काय पाप केलंय? आदल्या संध्याकाळी खांद शेकायची, म्हणजे बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळायची, वेळ झाली तेव्हा वहिनींनी गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर हळद-तूप लावलं आणि इंजिनावरच्या टोपणावर हात ठेवून बैलांना म्हणतात तेच म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आवतण रीतसर दिलं होतं. पाहुणा जेवला, तर माझं काय चुकलं?

पोळ्याला माझी मुलगी सुनीता आणि जावई प्रमोद उमरखेडहून आले होते. प्रमोदचं तिथं गॅरेज आहे. कामाला हुशार आणि बोलायला त्याहून हुशार. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, डोळ्यावर काळा चष्मा, आणि जगातलं कोणतंही इंजिन आपल्याला घाबरतं असा चेहरा. त्यानं सकाळी टोपण उघडलं आणि हवेची दोन्ही फिल्टरं काढून ठेवली. म्हणाला, आता आवाज मोकळा येईल, मोठे मामाजी (म्हणजे दादा) खूश होतील. आवाज आला. मोठे मामाजी खूश झाले. फिल्टरं काढल्यावर कार्बोरेटरची दोन पितळी तोंडं मात्र उघडी पडली. शेजारी शेजारी, वर पाहणारी, चांगली आ वासलेली. बैलजोडी घासासाठी तोंड उघडून उभी राहावी, अगदी तशी!

मिरवून गाडी गोठ्यात आली. इंजिन बंद करून, निवायला म्हणून टोपण उघडं ठेवलं होतं. वहिनींनी ओवाळलं, कुंकू लावलं आणि आत आरतीचं तबक ठेवायला जाता जाता मला म्हणाल्या, "भाऊजी, घास तुमीच भरवा. जनावराचा हात तुमचा हाय."

दादा फेटा सोडायला गेला होता. जावई आंघोळीला. मी आणि दोन तोंडं.

आता मला इंजिन कळत नव्हतं का? तेवढं कळत होतं. नैवेद्य नुसता टेकवायचा आणि परत घ्यायचा, हेही कळत होतं. पण हात माझ्याआधी चालला. एका तोंडात पुरणाचा एक गोळा, दुसऱ्यात दुसरा (एकाला दिलं आणि एकाला नाही, असं जोडीत करत नाहीत). आणि मग सवयीनं अंगठा घालून जिभेच्या मुळापर्यंत सारला. बोट क्षणभर तिथंच ठेवलं. थुंकला नाही. मला बरं वाटलं!

भान आलं तेव्हा काढायला गेलो, तर बोट जाईना. गूळच आहे, विरघळेल, असा विचार करून मी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं किल्ली फिरवली. गाडी खोकली. मग एकदम किंचाळली आणि किंचाळतच राहिली. दादानं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी आवाज उतरेना. काळा धूर गोठाभर झाला, आणि त्या धुराला काकवी लागल्याचा वास. वहिनी "पाक जळला वाटते" म्हणत स्वयंपाकघरात धावल्या. मग आतून कोणीतरी घणानं मारावं तसं खडखडलं आणि सगळं शांत झालं.

तेव्हाच बोलायचं होतं. पण दादा गाडीतून (दोन माणसांच्या मदतीनं) बाहेर येऊन पहिलं वाक्य बोलला ते हे, की ज्यानं कोणी माझ्या लालला हात लावला असेल त्याचं तोंड मी पाहणार नाही. दादाचं तोंड मला रोज समोरच्या अंगणात दिसतं. मी विचार केला, जरा थांबू.

प्रमोदनं तिथंच इंजिन खोललं. आतलं चिकट काळं काढून फडक्यानं स्वच्छ पुसलं (पुरावा इतक्या नीटपणे नष्ट करणारा माणूस मी पाहिलेला नाही), एक वाकडा झालेला वाल्व दाखवला. मग बोट नाकाशी नेलं. मग दुसऱ्यांदा नेलं. जेवायला बसल्यावर, सगळ्यांसमोर, त्यानं सांगितलं, "मोठे मामाजी, इंजिनात गोड गेलं हाय. अन् टाकलं ते घरातल्याच माणसानं."

मला ठसका लागला. वहिनींनी पाणी दिलं.

दादा म्हणाला, "फिल्टर कोणी काढलं?"

"म्या काढलं. पण..."

"मंग झालं तं. आपली चूक झाकाले माह्या घरावर बोट दाखवून राह्यले?"

जावई भरल्या ताटावरून उठला. सणाच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या घरातला एकुलता एक जावई! सुनीता त्याच्यामागे बॅग घेऊन निघाली. फाटकाशी थांबून तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "बाबा, खरं काय झालं, तुमाले माहीत हाय का?"

मी म्हणालो, "इंजिनातलं मले काय समजते पोरी."

त्यानंतर तिचं माहेर बंद झालं. प्रमोदनं सांगून पाठवलं, ज्या अंगणात मी चोर ठरलो तिथं माझी बायको पाय ठेवणार नाही. अंगण एकच असल्यामुळे दादाच्या घरासोबत माझंही घर त्यात आलं.

इकडं दादाला एकच ध्यास. खरं सांगणारा माणूस पाहिजे. सगळे मिस्त्री लबाड, एकजण तरी इमानदार भेटेल. आणि त्या इमानदार माणसाला शोधायला तो बंद गाडी टेम्पोवर चढवून, मला शेजारी बसवून निघायचा! यवतमाळचा एकजण म्हणाला, ऑइलचा पंप गेला. बदलला. गेलेला तो मिस्त्री होता, पुन्हा दुकानात सापडला नाही. मुकुटबनच्या ट्रकवाल्या मिस्त्र्यानं इंजिनाला कान लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, नजर लागली आहे. नागपूरच्या तज्ज्ञानं पांढरे हातमोजे घातले. म्हणाला, विलायती धातूला इकडचं ऊन मानवत नाही. मग त्यानं विचारलं, "याआधी कोणी हात लावला?"

"जावयानं," दादा म्हणाला.

तज्ज्ञानं समजूतदारपणे मान हलवली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

परतताना दादा टेम्पोत म्हणायचा, "शंकर, जगात खरं बोलणारा माणूस नाही राह्यला." मी म्हणायचो, "नाही राह्यला दादा." जगातलं एकमेव खरं निदान त्याच्या शेजारच्या सीटवर बसून शेंगदाणे खात होतं.

सुनीताच्या मुलीचं, माझ्या नातीचं, लग्न ठरलं आणि गोष्ट माझ्या गळ्याशी आली. प्रमोदनं निरोप दिला की दारव्ह्याकडे पत्रिका जाणार नाही. सुनीता फोनवर रडली, तुम्ही एकटे तरी या म्हणाली. नातीच्या मांडवात मी एकटा जायचं आणि दादानं समोरच्या अंगणातून पाहायचं, हे काही मला जमेना. मी एसटीनं उमरखेडला गेलो, गॅरेजात एका टायरवर बसलो आणि जावयाला सगळं सांगितलं. अंगठ्यासकट.

प्रमोदनं शांतपणे खर्रा थुंकला. "वेलची होती मामाजी. वेलची अन् जायफळ. दुश्मन असता तं नुसती साखर टाकली असती. वेलची घालून कोण सत्यानाश करते? म्या तं त्याच दिवशी समजलो, हा नैवेद्य हाय अन् हात तुमचा हाय."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुमी बोलता का, ते पाहून राह्यलो होतो."

पाना हातात घेऊन तो उठला. "आता मले नका सांगू. मोठ्या मामाजीले सांगा. मंग या, पत्रिका घेऊन जा."

आलो. दादा गोठ्यातच होता, बंद गाडी पुसत. मी उभ्या उभ्या सांगितलं. पोळा, घास, अंगठा, गूळ विरघळेल असं वाटलं ते. एकही शब्द गाळला नाही. दादानं फडकं खाली ठेवलं. मग त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं मला मिठी मारली.

"शंकर," तो म्हणाला, "जावयाची अब्रू वाचवाले किती खाली उतरशीन लेका."

मी म्हणालो, दादा, खरंच. त्यानं वहिनींना हाक मारली. "ऐकलं का, हा म्हणते त्यानं इंजिनाले पुरण चारलं! जन्मभर जनावरं तपासली त्यानं. त्याले तोंड कोणतं अन् कार्बोरेटर कोणतं, समजंन नाही का?"

वहिनी डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "देवमाणूस हाय भाऊजी तुमी."

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दाखवतोच. टोपण उघडलं, अंगठा पुढं केला... आणि तोंडंच नाहीत! नागपूरच्या हातमोजेवाल्यानं जुने कार्बोरेटर काढून वर झाकणवाला नवा बसवला होता. अंगठा हवेत धरून मी उभा. दादानं तोच अंगठा हातात घेऊन थोपटला. "जाऊ दे. तुह्यासाठी म्या माफ केलं त्याले."

मी उमरखेडला निरोप दिला की सांगितलं आहे. ते खरं होतं. दादानं काय ऐकलं हे सांगायचं राहून गेलं (राहून जाणं ही माझी दुसरी विद्या). पत्रिका आली.

आणि दादा लग्नाला आला. मांडवात, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर, त्यानं प्रमोदच्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं की झालं गेलं मी विसरलो. चूक माणसाकडूनच होते. पण असा सासरा मिळायला नशीब लागतं. जावयासाठी त्यानं काय काय स्वतःवर घेतलं ते ऐका. मग त्यानं पुरणाची गोष्ट रंगवून सांगितली. मांडव हसला. वरपक्षाच्या एका आजोबांनी उठून मला नमस्कार केला.

प्रमोद माझ्याकडे पाहत होता. त्याची मुलगी हळदीच्या अंगानं शेजारीच दादाच्या पायाशी वाकली होती. त्यामुळे तोही वाकला. न केलेल्या गुन्ह्याची माफी त्यानं भर मांडवात घेतली.

पंगतीत वाढायला तो स्वतः आला. माझ्या पानात पुरणाची पोळी ठेवली, त्यावर तूप सोडलं, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "घ्या मामाजी. जात नसंन तं अंगठ्यानं सारा."

गेली नाही.

सुनीता आता सणाला येते. एकटी. गाडी गोठ्यात तशीच उभी आहे, आणि दर पोळ्याला वहिनी ताट माझ्याच हातात देतात, कारण घरात माझ्याइतका साधा माणूस दुसरा नाही. म्हणून हे सगळं लिहून काढलं. सुनीताला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "पुरे करा ना बाबा आता. आमच्या ह्यांच्यासाठी किती खोटं लिहान?"

जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याचा रोग ओळखणं अवघड, असं मी नोकरीभर लोकांना ऐकवत आलो. मला बोलता येतं. मी रोग सांगितला, लक्षणं सांगितली, कारणही सांगितलं. आणि सगळ्यांनी तपासून मला ठणठणीत ठरवलं!