लग्नाचा पैसा

सांगलीच्या विश्रामबागेतल्या मॅडमच्या त्या खोलीत दुपारी तीननंतर ऊन यायचं. पडद्याला जिथे भोकं होती तिथून ते टेबलावर उतरायचं आणि कागदांवरून इतकं सावकाश सरकायचं, की जणू आपण बघत नसतानाच ते पुढे जातंय. आठवड्यातून तीन दुपारी मी तिथे बसत असे. आता ते दिवस आठवायला गेलं की आधी ते ऊन आठवतं, मग मॅडम आणि मग मी केलेली लबाडी.

मॅडम एका स्थानिक दैनिकात दर गुरुवारी पैशांविषयी अर्धं पान लिहीत. त्यात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं असत. शिष्यवृत्ती कुठल्या खात्यात येते, शैक्षणिक कर्जाला जामीन कोण लागतो, मेसचे पैसे महिनाअखेरपर्यंत कसे पुरवायचे. मी तेव्हा वाणिज्य शाखेत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे कुणाला काय विचारायचं असतं, हेही मला माहीत नसे. मॅडम आमच्याकडे व्याख्यानाला आल्या आणि त्यांनी पहिलाच प्रश्न केला, तुमचं पासबुक कुणाकडे असतं? माझं पासबुक गावी आईच्या पेटीत होतं. व्याख्यान संपल्यावर मी जाऊन त्यांना तेवढंच सांगितलं. का सांगितलं, ते आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनी माझं अक्षर कसं आहे ते विचारलं आणि सोमवारी बोलावलं.

काम साधं होतं. वाचकांचे प्रश्न फोनवर मेसेजने येत. मी ते एका लांबट वहीत हाताने उतरवून काढायचे. नाव आणि गाव गाळायचं, समासात फोन नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे. हाताने उतरवलं की प्रश्न दोनदा वाचला जातो, असं मॅडमचं म्हणणं. लिहिता लिहिता मला ती सगळी मुलं दिसू लागत. कुणी कराडला इंजिनिअरिंगला, कुणी जतहून आलेलं. त्यांच्या अडचणी माझ्या अक्षरात आल्या की माझ्याच वाटायच्या.

स्वतःविषयी मॅडम तुकड्यातुकड्यांनी बोलत. त्यांनी सुरुवात केली ती मार्केट यार्डात रोज फोन करून हळदीचे आणि बेदाण्याचे भाव विचारण्यापासून. कितीतरी वर्षं त्यांचं नाव कुठे छापून आलं नाही. हळदीच्या भावाला लेखक नसतो, असं त्या हसून म्हणत. मग एकदा एक बाई नवरा वारल्यावर कागदांचं गाठोडं घेऊन पेपरच्या कार्यालयात आली. भाव लिहिणाऱ्या माणसाला पैशातलं कळत असणार, एवढ्या भरवशावर. मॅडम तिच्यासोबत तीन दुपारी बसल्या, एजंटाने फसवून विकलेल्या विम्याचा एकेक कागद लावला आणि त्यातून त्यांचा पहिला लेख झाला. तेव्हापासून त्या कुठल्याही विमा एजंटाच्या घरी चहा घेत नाहीत. चहा घेतला की दुसऱ्या दिवशी लिहिताना हात जड होतो, म्हणत.

हॉस्टेलवर परतताना मी रस्त्याच्या कडेने झाडांखालून चालायचे आणि मनातल्या मनात कुणाला तरी उत्तरं द्यायचे. आपल्याला हेच करायचंय, हे मला कधी कळलं तो दिवस आठवत नाही. पुण्यात पत्रकारितेचा एक अभ्यासक्रम होता. मी प्रवेश परीक्षा दिली आणि यादीत नाव आलं. महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर जागा जाणार होती.

पैसे होते आणि नव्हतेही. पप्पा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी रहिमतपूरच्या एका बँकेत मुदत ठेव केली. ती माझ्या लग्नाची. मी आठवीत असल्यापासून ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. घरालाच नव्हे, साऱ्या भावकीला. घरात पैसा कितीही अडला तरी त्या ठेवीचं नाव निघत नसे. तो पैसा मागणं म्हणजे मला लग्नच करायचं नाही असं पप्पांना सांगण्यासारखं होतं. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण मला काय म्हणायचंय ते शब्दांत येईना.

म्हणून एका दुपारी मी वहीत एक प्रश्न स्वतःच लिहिला. 'माझे वडील माजी सैनिक आहेत. त्यांनी माझ्या लग्नासाठी ठेव केली आहे. मला तीच शिक्षणासाठी हवी आहे. कसे मागू?' इतर प्रश्नांसारखाच, मधोमध, कुणाच्या लक्षात येऊ नये असा.

मॅडमनी वही चाळली. त्या प्रश्नाशी त्यांचं बोट थांबलं आणि मग समासात गेलं. तिथे चार आकडे नव्हते. मी लिहायलाच विसरले होते. वही माझ्याकडे सरकवून त्या म्हणाल्या, "हिचं उत्तर तू लिही."

माझं पहिलं उत्तर. दोन दिवस खपून लिहिलं. ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज किती कमी होतं, त्याऐवजी कर्ज काढलं तर हप्ता कधी सुरू होतो, सगळं मांडलं. मॅडमनी ते शांतपणे वाचलं.

"आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण ज्याने हा पैसा बाजूला ठेवला त्याला कुणी विचारलं का? बापाला विचारून ये. कुठलाही बाप चालेल."

शनिवारी मी सांगलीहून पॅसेंजर धरली. डबा जवळजवळ रिकामा होता. गाडी नदीच्या पुलावर आली तेव्हा पाणी इतकं स्थिर होतं, की आपण पुलावरून चाललोय की खालच्या आभाळातून, ते कळेना. दोन्ही बाजूंनी ऊस, मध्येच एखादं रिकामं फाटक, हात न करता नुसताच उभा असलेला माणूस. मला गाडी रहिमतपूरला पोचूच नये असं वाटत होतं. ती वेळेवर पोचली.

रविवारी सकाळी पप्पा घरातल्या सगळ्यांच्या चपला-बूट ओळीने मांडून पॉलिश करतात. फौज सुटली तरी ही सवय सुटलेली नाही. आईच्या प्लॅस्टिकच्या चपलेवरूनही ते फडकं फिरवतात. मी पायरीवर बसले आणि म्हणाले, पेपरासाठी एका बापाचं मत पाहिजे.

"कुणाचं पत्र हाय?"

"तासगावकडची एक मुलगी आहे," मी म्हणाले.

"वाच."

मी वाचलं. पप्पांचा ब्रश चालूच होता. त्यांनी माझा सँडल उचलला, टाचेकडून बघितला, परत खाली ठेवला.

"तिच्या बापाचं मला काय ठावं न्हाई," ते म्हणाले. "माझं सांगतो. मी रिटायर होऊन आलो तवा आठ दिवसांत सात माणसं आलती. कुणाला बोअर मारायचं, कुणाच्या ट्रॅक्टरचा हप्ता. फौजीकडं पैसा हाय म्हटल्यावर न्हाई म्हणायचं कसं? तवा तुझी आई म्हणाली, पोरीच्या लग्नाचं हाय म्हणून सांगा. सांगितलं. पुन्यांदा कोण आलं न्हाई. लग्नाच्या पैशाला कोण हात लावत न्हाई गं. आपल्यात तेवढंच एक कुलूप हाय."

इतकी वर्षं मी ज्या नावाला घाबरत होते, ते मला बांधण्यासाठी दिलेलंच नव्हतं. कोंबड्या अंगणात काहीतरी टिपत होत्या. आत आईने भांडं आदळलं. म्हणजे ती ऐकत होती.

पप्पांनी ब्रश खाली ठेवला. "कोर्स कवा सुरू हुतोय?"

"कुणाचा?"

"त्या तासगावच्या पोरीचा."

"जुलैत," मी म्हणाले. "पण फी याच महिन्यात भरायची."

"तिला म्हणावं, ठेवीची पावती आईच्या पेटीत हाय. आणि हे बघ, छापू नको. तिला सांग, पण पेपरात न्हाई. एकदा का कळलं, की उद्या सगळा तालुका लग्नाच्या पैशाला हात पसरंल."

आतून आई म्हणाली, त्या पोरीला विचारा च्या घेणार का.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं, तासगावची मुलगी कोण तेही. त्या म्हणाल्या, मी लोकांना पैसा किती, कुठल्या बँकेत, किती वर्षांसाठी, असं आयुष्यभर विचारत आले. त्याला हे नाव का दिलं, ते मात्र कुणालाच विचारलं नाही. आता उत्तराचं काय करायचं, हे आम्हा दोघींना सुचेना. खरं उत्तर छापलं तर कितीतरी घरांची कुलपं उघडी पडणार. शेवटी त्या गुरुवारी अर्ध्या पानाच्या कोपऱ्यात चारच ओळी आल्या. घरातल्या पैशाला ज्याने नाव दिलं असेल, त्याला आधी ते नाव का दिलं ते विचारावं, मागणी नंतर करावी. ठेव मोडण्याआधी बँकेत नियम विचारून घ्यावेत. खाली माझं नाव होतं. नेहमी सविस्तर लिहिणाऱ्या मॅडमनी एवढ्यावर कसं भागवलं, असं दोघांनी फोन करून विचारलंही.

आता हे लिहिताना मनात थोडी धाकधूक आहे. पण आमची ठेव राहिलेली नाही आणि रहिमतपूरपासून आत असलेल्या आमच्या गावाचं नाव मी कुठे घातलेलं नाही. पप्पांना विचारलं, तर म्हणाले, लिही, पर जरा उशिरानं.

ठेव मोडायला आम्ही दोघं गेलो तो दिवस बाजाराचा होता. बँकेत गर्दी होती. काउंटरवरच्या साहेबांनी पावती बघितली आणि मान वर करून विचारलं, "काय हवालदार, ठरलं वाटतं पोरीचं?"

"व्हय," पप्पा म्हणाले.

मागच्या रांगेतून आमच्या भावकीतल्या एका काकांनी विचारलं, "कुठलं पाव्हणं?"

"पुण्याचं."

मी खाली फरशीकडे बघत होते. पप्पांनी फॉर्मवर सावकाश सही केली आणि मलाही एक करायला लावली, तिथे माझ्या सहीची गरज नसतानाही. संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचली. बँकेतल्या त्या काकांच्या घरून काकू हळदीकुंकू घेऊनच आल्या आणि मुलाचा फोटो मागू लागल्या. आई म्हणाली, फोटो अजून आला न्हाई, पर पोरगं शिकलेलं हाय. काकूंनी मला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले. मी वाकून नमस्कार केला. मग आम्ही चौघंही चहा घेत अंगणात बसलो आणि त्या पुण्याच्या स्थळाविषयी, त्याच्या घरात पाणी चोवीस तास असतं का याविषयी, दिवे लागेपर्यंत बोलत राहिलो.